मखर नाही, सर्फबोर्ड आहे: मुंबईत थर्माकोल-इपॉक्सीचा पहिला बोर्ड कसा बनवायचा

गेल्या नोव्हेंबरात गच्चीवर थर्माकोलचा आठ फुटी ठोकळा आणून टाकला तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरी काकांचा पहिला प्रश्न, "काय रे, गणपती होऊन दोन महिने झाले, आता कसला मखर? आणि थर्माकोलवर बंदी आहे ना?" मी म्हटलं काका मखर नाही, सर्फबोर्ड बनवतोय, यावर उभं राहून लाटेवर जायचं. त्यांनी ठोकळ्यात अंगठ्याचं नख रोवलं, दोन दाणे निघाले, ते माझ्या तळहातावर ठेवले आणि काही न बोलता जिना उतरून गेले.

त्या नखाला उत्तर द्यायला मला चार महिने लागले आणि एक अख्खा बोर्ड वाया गेला, तुमचा जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

बंदीचं आधी उरकतो. २०१८ पासून महाराष्ट्रात थर्माकोलच्या ताट-वाट्या आणि सजावट बंद आहे, पण कोल्ड स्टोरेजच्या भिंतीत इन्सुलेशन म्हणून घालतात तो जाड थर्माकोल वेगळा, आपल्याला तोच लागतो. मखराचा थर्माकोल तसाही कामाचा नाही, एकदम हलका आणि भुसभुशीत असतो, त्यावर काकांचं नख बरोबरच आहे.

आता थर्माकोलवर कोण उभं राहणार हा प्रश्न फक्त मालाडच्या गच्चीवर विचारला जातो असं नाही, कॅलिफोर्नियातल्या भल्याभल्या शेपर लोकांनी तो वर्षानुवर्षं विचारलाय. शेपर म्हणजे बोर्डाला आकार देणारा कारागीर. हवाईत बोर्ड लाकडाचे होते, कोआ आणि विलिविलीचे. (यातलं विलिविली म्हणजे आपल्या पांगाऱ्याचं सख्खं भावंड, एकाच कुळातलं झाड, लाकूड तसंच हलकं. कोकणात कुंपणाला पांगारा लावणाऱ्या माझ्या मामाला हे सांगितलं तर म्हणाला मग आपण शंभर वर्षं काय झोपलेलो काय.) मग १९३० च्या आसपास टॉम ब्लेकने आतून पोकळ बोर्ड काढले, पुढे बाल्साचं लाकूड आणि त्यावर फायबरग्लास आलं, आणि १९५० चं दशक संपता संपता होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमचे, म्हणजे पीयूचे बोर्ड जमवले. पुढची पन्नासेक वर्षं हाच पांढरा पीयू फोम आणि वर पॉलिस्टर रेझिन (रेझिन म्हणजे कापडात मुरवायचं पातळ रसायन, हार्डनर घातला की ते दगडासारखं कडक होतं), हेच ‘अस्सल’. म्हणजे जे एकदा कारखान्यातलं नवीन खूळ होतं तेच परंपरा होऊन बसलं.

मग ५ डिसेंबर २००५, सोमवार. क्लार्क यांनी गिऱ्हाइकांना फॅक्स पाठवला की कारखाना बंद, आजपासून. अमेरिकेतले बहुतेक ब्लँक, म्हणजे बोर्ड कोरायचे कच्चे ठोकळे, याच एका माणसाकडून यायचे. सर्फवाले त्या दिवसाला अजून ‘ब्लँक मंडे’ म्हणतात. ज्यांनी कधी थर्माकोलकडे ढुंकून पाहिलं नव्हतं त्यांनी त्या आठवड्यात ईपीएस, म्हणजे आपला थर्माकोलच, आणि इपॉक्सी या दुसऱ्या जातीच्या रेझिनची चौकशी सुरू केली. थर्माकोल आणि इपॉक्सी तेव्हा काही नवीन नव्हते, सर्फटेकसारख्या कंपन्या आधीपासून थर्माकोलचा गाभा घेऊन थायलंडमध्ये साच्यातून बोर्ड काढत होत्या, पण त्यांना ‘पॉप-आउट’ म्हणून हिणवायचे. साच्यातून टपकन बाहेर पडलेला, हात न लागलेला.

माझं मत विचाराल तर या भांडणात दोन वेगळी दुखणी एकत्र झाली होती. एक, हातचं काम जाईल ही भीती, आणि ती खरीच होती. दुसरं, इपॉक्सी मटेरियलच वाईट आहे अशी समजूत, आणि तिच्यात अर्धाच दम होता. सुरुवातीचं इपॉक्सी उन्हात पिवळं पडायचं हे खरं, पण बराचसा राग असा की लोक पॉलिस्टरची सवय घेऊन इपॉक्सीला हात लावायचे आणि बोर्ड बिघडला की शिव्या इपॉक्सीला. पुढे अकरा वेळा सर्फिंगचा वर्ल्ड चॅम्पियन झालेल्या केली स्लेटरने फायरवायर या थर्माकोल-इपॉक्सीवाल्या कंपनीत मोठा हिस्सा घेतल्यावर तोंडं बरीच बंद झाली, पण ती सवयीची गोष्ट तशीच आहे, आणि मला ती कुठे कळली तर मढला.

मढच्या कोळीवाड्यात एक काका आहेत, होड्यांना फायबर मारतात. त्यांचे वडील सागाच्या होड्या बांधायचे. काका सांगतात की पहिल्यांदा लाकडी होडीवर फायबर चढवलं तेव्हा घरातली म्हातारी माणसं होडीला हात लावेनात, म्हणायची ही बादली झाली, हिच्यात जीव नाही. आता त्याच घरातल्या सगळ्या होड्यांवर फायबर आहे. मला वाटलं हा माणूस तरी मला समजून घेईल. तर त्यांनी माझा थर्माकोल पाहिला आणि म्हणाले, "पोरा, यावर रेझिन टाक बघू." त्यांचं रेझिन, म्हणजे जीपी (जनरल पर्पज, साधं) पॉलिस्टर. मी डब्यातून चमचाभर ओतलं. बारीक चुरचुर आवाज आला, उकळत्या तेलात पाण्याचा थेंब पडल्यासारखा, आणि मुठीएवढा खड्डा पडला, तळाशी चिकट गुळाच्या पाकासारखं काहीतरी. काका हसले, म्हणाले, "हा उभा राहणार."

कारण सोपं आहे, पॉलिस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि स्टायरीन थर्माकोलला विरघळवून टाकतं. इपॉक्सीत ते नसतं. म्हणून थर्माकोल घेतला की इपॉक्सीच, दुसरा रस्ता नाही. हाच नियम चिकटवायच्या गोंदाला, थिनरला, स्प्रे पेंटला आणि गाडीवाले पोच्यात भरतात त्या लांबीला (पुट्टीला) पण लागू, वास आला की आधी टाकाऊ तुकड्यावर लावून बघा.

तर पहिलं काम बोर्ड बनवायचं नाहीच, पहिलं काम चाचणीचे तुकडे पाडायचं. एक फूट बाय एक फूट, दोन इंच जाड असे तीन-चार तुकडे घ्या. एक थर्माकोल २४ किलो घनतेचा (म्हणजे एका घनमीटरचं वजन २४ किलो, दुकानदार नुसतं ‘चोवीस डेन्सिटी’ म्हणतो), एक ३२ चा, एक तो निळा किंवा गुलाबी एक्सपीएस बोर्ड जो स्लॅबवर घालतात. प्रत्येकावर २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला २०० ग्रॅम) ग्लास कापडाचे दोन थर इपॉक्सीने चढवा, कडा पण बंद करा. मग आठवडाभराने टाचेने दाबून बघा, वजन करा, कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हरने भोक पाडून रात्रभर बादलीत बुडवा, दगड ठेवून, सकाळी पुसून परत वजन. मग दुपारच्या उन्हात गच्चीच्या लादीवर ठेवून द्या. माझ्याकडे काय झालं सांगतो, २४ वाल्यावर टाच थोडी उमटली, ३२ वाल्यावर जवळजवळ नाही. एक्सपीएसने पाणी जवळपास घेतलंच नाही म्हणून मी खुश, पण तिसऱ्या दिवशी उन्हात त्याच्या कापडाखाली पुरीसारखा फुगा आला. एक्सपीएसचं हेच दुखणं, आतला गॅस बाहेर यायला बघतो आणि गुळगुळीत पाठीवर रेझिनची पकड कमी. एका संध्याकाळच्या खर्चात हे कळतं, आणि मग कोणी काहीही सांगो, तुमच्या हातात तुकडा असतो. सेक्रेटरी काकांच्या समोर मी तो ३२ वाला तुकडा ठेवून म्हटलं मारा आता नख.

पीयू वाईट आहे असं अजिबात म्हणत नाहीये. तासायला लोण्यासारखा, दुरुस्तीला सोपा, आणि कित्येकांना त्याची पाण्यातली जड, शांत चाल जास्त आवडते. पण मला मुंबईत फिरून फिरून एका दुकानात पीयूचा ब्लँक मिळाला नाही, बाहेरून आठ फुटी खोका मागवायचा तर भाड्यातच बोर्ड संपतो. आणि आपल्याकडे बहुतेक वर्षभर लाटा लहान आणि मऊ, पावसाळ्यात एकदम राक्षसी आणि गढूळ (जून-जुलैत मासेमारी उगाच बंद नसते), म्हणजे शिकणाऱ्याला हलका, भरपूर तरंगणारा बोर्ड लागतो. त्याला थर्माकोल बरा.

माप: ६५-७० किलोचा माणूस शिकत असेल तर ८ फूट लांब, साडेबावीस इंच रुंद, तीन इंचाला किंचित जास्त जाड. साधारण ६० लिटर होतं. पुढचं नाक साडेचार इंच वर, शेपूट दोन इंच. यापेक्षा छोटा बोर्ड दिसायला भारी दिसतो आणि पाण्यात तुम्हाला रडवतो, पहिला बोर्ड मोठाच करा.

खरेदीला एक शनिवार ठेवा. थर्माकोल कारखान्याला किंवा मोठ्या डीलरला सांगून ८ फूट बाय २ फूट बाय ८ इंच कापून घ्या, आठ इंच एवढ्यासाठी की नाकाचा उठाव त्यातूनच काढायचाय. टूल्सना नागदेवी, वायर-ट्रान्सफॉर्मरला लोहार चाळ, मरीन प्लायला रे रोड, रेझिन-कापडाला मस्जिद बंदरच्या केमिकलवाल्या गल्ल्या किंवा कुठलाही फायबरवाला डीलर. इपॉक्सी पातळ, लॅमिनेटिंगचं मागा. कोस्टर आणि घड्याळं बनवणाऱ्यांचं आर्ट रेझिन सध्या गल्लीगल्लीत मिळतं पण ते ओतकामाचं, कापडात मुरवायला जाड. एकूण अडीच ते तीन किलो लागेल वाया जाणारं धरून. कापड विणलेलं, २०० जीएसएम, बोर्डावर एकूण तीन थर येतात, प्रत्येकाला अडीच मीटर लांबी धरून साधारण साडेसात-आठ मीटर घ्या, आणि इथे दुकानदार तुम्हाला हमखास मॅट देईल, ती पांढरी दोऱ्यांची गादी जी पाण्याच्या टाकीला आणि होडीला मारतात. घेऊ नका. एक तर ती रेझिन पिते, बोर्ड जड होतो, आणि दुसरं म्हणजे तिचे दोरे धरून ठेवणारा बाइंडर स्टायरीनमध्ये विरघळावा असा बनवलेला असतो, इपॉक्सीत तो विरघळतच नाही, मॅट कडक राहते, कडांवर वळत नाही. मढचे काका मला तीच देत होते, प्रेमाने.

आता कापणं. उठावाची जी वाक, सर्फवाले तिला रॉकर म्हणतात, तिचे प्लायचे दोन सारखे साचे कापून ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना खिळ्यांनी बसवायचे आणि गरम तार त्यावरून ओढायची. ही तार निक्रोमची, १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर, घरच्या प्लगवर थेट कधीच नाही. ही विद्या मला कुठल्या व्हिडिओने शिकवली नाही, लालबागच्या एका मखरवाल्या दादांनी शिकवली, बंदीनंतर ते पुठ्ठ्याच्या कामाकडे वळले पण तारेचा कटर माळ्यावर होता. ते एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. हळू ओढलं की तार एका जागी खड्डा जाळते, घाईने ओढलं की तारेची टोकं पुढे जातात आणि मधला भाग मागे राहून पोट सोडतो, वर दिसायला सगळं सरळ आणि मधे बोर्डाला टेकडी. दादा सारखे म्हणत होते, "ओढू नको, तिच्याबरोबर चाल." वास येतो तो श्वासात घेऊ नका, उघड्यावरच करा. खालून निघालेले वाकडे तुकडे फेकू नका, पुढे बोर्ड उलटा-सुलटा ठेवायला तीच अंगाबरोबर बसणारी गादी होते.

मग त्याच तारेने ठोकळा लांबीत मधोमध दोन करा आणि मधे ४ मिमी मरीन प्लायची पट्टी त्याच वाकीत कापून बसवा, हा स्ट्रिंगर. चिकटवायला इपॉक्सीत मायक्रोबलून (पोकळ सूक्ष्म गोळ्यांची हलकी पूड) घालून श्रीखंडासारखं घट्ट करा. सुताराचा पांढरा गोंद थर्माकोल खात नाही पण आत हवा नाही म्हणून आठ-आठ दिवस ओला राहतो. दोऱ्या बांधून, मोरीतल्या बादल्या वजनाला ठेवून रात्रभर.

आकाराचं काम सगळ्यात मजेचं आणि त्याबद्दल मी कमी बोलणार, कारण ते हातानेच कळतं. अर्ध्या बोर्डाचा हार्डबोर्डचा साचा, एका बाजूला आखा, पलटून दुसऱ्या बाजूला, करवतीने बाहेरचं कापा, मग लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला पॉलिश पेपर ६० नंबर, शेवटी १००. थर्माकोलला धार हवी, बोथट हत्याराने दाणे उपटले जातात आणि खळगे पडतात, पीयूसारखी भुकटी होत नाही. एकच युक्ती नक्की करा: रात्री गच्चीवरचा दिवा बंद करून बोर्डाच्या दोन्ही बाजूंना कमरेच्या उंचीवर एकेक ट्यूबलाइट लावा, आडव्या उजेडात प्रत्येक उंचवटा सावली टाकतो, दिवसा जे हाताला गुळगुळीत वाटलं होतं ते रात्री चंद्रासारखं दिसतं. आणि दाणे! केसात, चहात, खालच्या मजल्यावरच्या जोशी काकूंच्या वाळत घातलेल्या पापडांवर. जोशी काकूंनी एक शब्द नाही बोलला, फक्त पापडांचं ताट आणून माझ्यासमोर ठेवलं. त्या दिवसापासून ताडपत्री, चारी बाजूंनी जुन्या चादरी आणि दर अर्ध्या तासाने व्हॅक्यूम क्लीनर, हे दाणे गटारातून खाडीत आणि खाडीतून तुमच्याच लाटेत जातात.

तासून झालं की दाण्यांमधल्या फटी बुजवा, इपॉक्सी-मायक्रोबलूनची पातळ पेस्ट प्लॅस्टिकच्या पट्टीने ओढून खरवडून घ्या, वर जाड थर ठेवू नका. फटी तशाच सोडल्या तर त्या तुमचं अर्धा किलो रेझिन पितील.

आता लॅमिनेशन, म्हणजे कापड चढवणं, आणि इथेच जुनी सवय आडवी येते. पॉलिस्टरमध्ये हार्डनर म्हणजे एमईकेपी, साधारण एक-दोन टक्के, थंडी असली की थेंब जास्त, ऊन असलं की कमी, काका झाकणाने अंदाजे घालतात आणि तीस वर्षांत त्यांचं चुकलेलं नाही. कारण तिथे एमईकेपी फक्त काडी लावतो, जळतं ते रेझिनच. इपॉक्सीत तसं नाही, तिथे हार्डनर हाच अर्धा जेवणारा आहे, रेझिनचा एकेक रेणू त्याच्याशी जोडीने बसतो, जास्त घातला तर उरलेला तसाच ओला बसून राहतो. माझा पहिला बोर्ड याच्यातच गेला. जानेवारीतली संध्याकाळ, रेझिन लवकर घट्ट होईना, मी काकांसारखा अंदाजे ‘थोडा अजून’ घातला. सहा दिवस झाले तरी बोट चिकटत होतं, आठव्या दिवशी त्यावर एक कबुतराचं पीस कायमचं बसलं. कापड सोलून काढताना थर्माकोलचे लचके आले, संपला बोर्ड. मी इपॉक्सीला मनसोक्त शिव्या घातल्या, आणि मग डब्यावरचा कागद नीट वाचला.

तर वजनकाटा. स्वयंपाकघरातला ग्रॅमवाला चालतो. डब्यावर वजनाने १००:३० लिहिलं असेल तर ३०० ग्रॅमला ९० ग्रॅम, ८५ नाही, १०० नाही. आणि ते प्रमाण वजनाने आहे की मापाने ते बघा, दोन्ही आकडे वेगळे असतात. तीन मिनिटं ढवळा, भांड्याच्या कडा आणि बूड खरवडत. एका वेळी ३००-४०० ग्रॅमच्या वर कालवू नका आणि कालवलं की लगेच बोर्डावर ओता, भांड्यात ठेवलं तर स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धूर सोडतं, प्लॅस्टिकचा मग वितळवतं. तापमान १० अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो, म्हणजे डब्यावर २५ अंशाला तीस मिनिटं लिहिलं असेल तर मे महिन्यातल्या मुंबईत पंधराच धरा.

वेळ कुठली? संध्याकाळ, सूर्य कलल्यावर. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि हे सोनं आहे. थर्माकोलच्या दाण्यांमधे हवा असते, सकाळी काम केलं तर ऊन चढता चढता ती हवा फुगते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे काढत बाहेर येते, तुम्ही एक दाबा तर दुसरा येतो. संध्याकाळी बोर्ड थंड होत जातो, हवा आकसते, रेझिन उलट आत ओढलं जातं. महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात ही भानगडच नको, दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो, ब्लश म्हणतात, त्यावर पुढचा थर पकडत नाही. आलाच तर नुसता घासू नका, आधी साध्या पाण्याने आणि भांड्याच्या हिरव्या घासणीने धुवा, वाळवा, मग पॉलिश पेपर.

आधी खालची बाजू, कापडाचा एक थर, कडांवरून वळवून वरच्या बाजूला दोन इंच. रेझिन मधे ओता, प्लॅस्टिकच्या पट्टीने मधून कडेकडे हलक्या हाताने ओढा, कापड पारदर्शक झालं की पुरे, चकाकत असेल तर रेझिन जास्त आहे, ओढून काढा. दुसऱ्या दिवशी वरची बाजू, तिथे दोन थर, कारण टाचा तिथे पडतात. रंगीत हवा असेल तर पहिल्या थराखाली सुती कापड घालता येतं, मी आज्जीच्या नऊवारीचा काठ घातला, जरीकाम नसलेला, आज्जी म्हणाली मला नेसवायचा सोडून त्याला नेसवलास. सुती कापड रेझिन जास्त पितं एवढं लक्षात ठेवा.

लॅमिनेशन हाताला किंचित चिकट असतानाच वरचा रेझिनचा थर द्या, म्हणजे मधे घासायला लागत नाही. मग कडक झाल्यावर घासणं, ८० पासून ३२० पर्यंत, आणि इथे अंगाला जी खाज सुटते ती ग्लासची. पूर्ण बाह्यांचा शर्ट, एन-९५ मास्क, नायट्राइलचे ग्लोव्हज सगळ्या टप्प्यांत. इपॉक्सी हाताला लागलं तर थिनरने धुऊ नका, साबणाने धुवा, वारंवार लागून एकदा ॲलर्जी बसली की ती जात नाही. आणि कोणी हट्टाने पीयू-पॉलिस्टर करणार असेल तर एकच गोष्ट: काळा-जांभळा कोबाल्ट (रेझिनचा वेग वाढवायला घालतात तो) आणि एमईकेपी एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो, आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळून मग दुसरा.

फिन, म्हणजे बोर्डाखालचे दिशा धरणारे पंख, मी ६ मिमी मरीन प्लायचे तीन कापले, कापड चढवून बोर्डालाच पक्के केले. सोपं आहे पण लोकलमध्ये त्रास देतात, पुढच्या वेळी बोर्डात फिनचे खाचे (बॉक्स) बसवून काढता येणारे करणार. बोर्ड पायाला बांधायच्या दोरीचा प्लग शेपटीजवळ, भोक पाडून आत रेझिन-मायक्रोबलूनमध्ये रोवायचा. माझा बोर्ड सगळं धरून ४ किलो ३०० ग्रॅम भरला. आठवडाभर सावलीत मुरू द्या, मग पाणी.

वापरताना दोनच शत्रू, ऊन आणि भोक. गाडीच्या टपावर किंवा बंद गाडीत दुपारी ठेवला तर इपॉक्सी मऊ पडतं, आतली हवा फुगते, कापड सुटतं, म्हणून रंग पांढराच बरा आणि जुनी चादर गुंडाळा. भोक पडलं तर त्याच क्षणी पाण्याबाहेर, ‘अजून एकच लाट’ नाही, थर्माकोल दाण्यांच्या फटींतून पाणी ओढतो. भोक खाली करून सावलीत दोन-तीन आठवडे वाळवा, मग इपॉक्सी. बाजारात ट्यूबमधलं उन्हात वाळणारं दुरुस्तीचं रेझिन मिळतं, बहुतेक वेळा ते पॉलिस्टर असतं, ते भोकात घातलं की मढचा तो चुरचुर आवाज परत ऐकाल.

पहिल्यांदा राजोडीच्या किनाऱ्यावर नेला तेव्हा मालाडहून दुपारची विरार, लगेजचा डबा, भाजीच्या रिकाम्या टोपल्या आणि त्यांच्यावर तिरपा माझा बोर्ड. एका मावशींनी नऊवारीच्या काठावर हात फिरवून विचारलं दरवाजा आहे का. लाट कमरेएवढी होती, चौथ्या प्रयत्नाला उभा राहिलो, पाच सेकंद असेन. टाचा उमटल्या नाहीत.

बोर्ड घेऊन मढला पण गेलो. काकांनी बोटाच्या पेराने ठोकून पूर्ण बोर्ड ऐकला, नाकापासून शेपटीपर्यंत, होडी ऐकतात तसा. मग बराच वेळ कडेकडे बघत राहिले. बोर्डाबद्दल काही बोलले नाहीत, पण त्यांच्याकडे बर्फाच्या मासळीच्या पेट्या असतात थर्माकोलच्या, दर सीझनला कोपरे तुटून जातात आणि त्यावर त्यांचं रेझिन मारता येत नाही. दोन दिवसांनी त्यांचा फोन, "पोरा, ते तुझं नवीन रेझिन किती ग्रॅमला किती रे? आणि तो काटा घेऊन ये." काटा आईच्या स्वयंपाकघरातला होता. आता तो मढला आहे, त्याच्या बटणांवर इपॉक्सी वाळलंय, आणि आई रवा वाटीने मोजतेय.